वाचकांचे प्रश्न : संगणकीय स्वरलेखनातील शब्द

या वेळी आलेली बहुतेक पत्रे संगणकावर स्टाफ नोटेशन (पाच रेघांच्या स्टाफवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) तयार करताना त्यातील मराठी शब्द कसे बसवावेत आणि कसे सजवावेत, या एकाच विषयावरची आहेत. गोव्यात हा प्रश्न वारंवार पडतो, कारण येथे एकाच गावात चर्चच्या क्वायरमध्ये स्टाफ नोटेशन शिकलेला व्हायोलिनवादक आणि देवळातल्या भजनाला पेटीची साथ करणारा वादक एकत्र येतात, आणि दोघांनाही वाचता येईल असा एकच कागद त्यांच्यापुढे ठेवावा लागतो. म्हणून या अंकात दुसरे विषय घेतलेले नाहीत.

प्रश्न : शाळेतील मुलांसाठी घुमट आरतीच्या (घुमट या तालवाद्याच्या साथीने गायल्या जाणाऱ्या आरतीच्या) धर्तीवर बसवलेली एक मराठी आरती मी म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या प्रोग्राममध्ये लिहिली. शब्दांची प्रत्येक ओळ मजकूर म्हणून टंकली आणि अक्षरांमध्ये जागा सोडत ती स्वरांखाली नेमकी बसवली. नंतर कागदाचा आकार बदलला, तेव्हा सगळे शब्द स्वरांपासून ढळले. हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?
— संगीतशिक्षिका, फोंडा

उत्तर : आपण शब्द नेमके बसवले होते, परंतु ते ज्या स्वरांचे आहेत त्यांच्याशी बांधलेले नव्हते. स्वरलेखनाचा प्रोग्राम कागद, समास किंवा एखादा स्वर बदलला की प्रत्येक ओळीतील अंतरे नव्याने मोजतो आणि स्वर थोडेथोडे सरकवतो. आपण टंकलेली ओळ त्याच्या दृष्टीने एकच वस्तू होती आणि ती फार तर पहिल्या स्वराला अडकलेली होती. त्यामुळे पहिले अक्षर जागेवर राहिले आणि पुढची सगळी घसरली. म्हणून स्वरलिपीत कोणताही मजकूर घालण्यापूर्वी तो कशाला बांधलेला असायला हवा, हे आधी ठरवावे. गीताचे अक्षर स्वराला बांधले जाते, एका वाद्यापुरती सूचना त्या वाद्याच्या स्टाफला, सर्वांसाठीची सूचना संपूर्ण वाद्यसंचाला, लय दर्शवणारा शब्द लयीला आणि शीर्षक पानाच्या चौकटीला. या प्रत्येकासाठी प्रोग्राममध्ये स्वतंत्र सोय असते. ती योग्य निवडली की आकार, जागा आणि ठळकपणा यांची बरीचशी काळजी प्रोग्रामच घेतो.

गीताचे शब्द घालण्यासाठी म्यूझस्कोरमध्ये पहिला स्वर निवडून कंट्रोल आणि एल ही कळ दाबावी. शब्द संपला की स्पेसबार दाबून पुढच्या स्वरावर जावे. शब्द अर्धा राहून पुढच्या स्वरावर चालू राहणार असेल तर संयोगचिन्हाची कळ दाबावी. एक अक्षर अनेक स्वरांवर लांबवायचे असेल तर अधोरेषेची कळ दाबत जावे, म्हणजे अक्षरापुढे आडवी रेघ ओढली जाते. एकाच स्वराखाली दोन शब्द हवे असतील तर त्यांच्या मधली जागा कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबून घालावी. एन्टर दाबले की त्याच स्वराखाली दुसऱ्या कडव्याची ओळ सुरू होते. येथे इनस्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या कळफलकावर शिफ्टसह संयोगचिन्हाची कळ दाबली की अधोरेषा न येता विसर्ग येतो. रेघ ओढली जाईल या अपेक्षेने कळ दाबावी आणि अक्षरापुढे दोन टिंबे उमटावीत, असा अनुभव अनेकांना आला असेल. तेवढ्यापुरता कळफलक इंग्रजीवर न्यावा आणि पुन्हा मराठीवर आणावा.

आता अक्षरे कोठे तोडावीत ते पाहू. याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि मुलांचे गाणे स्वच्छ होते की अडखळते हे बरेचसे यावरच ठरते. इंग्रजी किंवा पोर्तुगीज गीतांत शब्दकोशाने दिलेली फोड घेता येते. मराठीत लिहिलेले अक्षर आणि उच्चारलेला अवयव यांत अंतर असते, म्हणून फोड करताना लेखनाबरोबर गाण्याकडेही कान द्यावा लागतो. ‘मंगल’ हा शब्द बोलताना ‘मं-गल’ असा दोन अवयवांचा होतो. चालीत त्याला दोन स्वर असतील तर ‘मं’ आणि ‘गल’ अशीच फोड करावी. ‘ल’साठी स्वतंत्र स्वर नसताना तो वेगळा काढू नये. परंतु आरत्या आणि अभंग गाताना शेवटचा अकार अनेकदा पूर्ण उच्चारला जातो, आणि चालीत त्याला तिसरा स्वरही मिळतो. तेव्हा ‘मं-ग-ल’ अशी फोड बरोबर ठरते. कोणती फोड घ्यायची हे शब्दावरून ठरत नाही. ती ओळ प्रत्यक्ष गाऊनच ठरवावे लागते.

जोडाक्षरांविषयी माझे मत स्पष्ट आहे : ती तोडू नयेत. ‘विठ्ठल’ दोन स्वरांवर असेल तर ‘वि-ठ्ठल’ लिहावे, ‘विठ्-ठल’ लिहू नये. ‘भक्ती’ असेल तर ‘भ-क्ती’ लिहावे. उच्चारात पहिला ‘ठ्’ किंवा ‘क्’ आधीच्या स्वरावर संपतो हे खरे आहे, आणि म्हणून काही जाणकार पाय मोडलेली अक्षरे लिहिण्याचा आग्रह धरतात. परंतु मराठी वाचकाची नजर जोडाक्षर अखंड पाहण्यास सरावलेली आहे, आणि जोडाक्षराच्या आधीचे अक्षर जड होते हे आपल्या छंदशास्त्रानेच शिकवले आहे : तेथे ऱ्हस्व अक्षरही गुरू धरले जाते. त्यामुळे ‘वि’खाली थांबलेला गायक पुढचा ‘ठ’कार आपोआप त्या स्वराशी आणतो. पाय मोडलेले अक्षर स्वराखाली सुटे दिसले की लहान मुले नेमकी तेथेच अडतात. अपवाद एकच करावा : मराठी वाचनाचा सराव नसलेले गायक क्वायरमध्ये असतील, तर सरावाच्या प्रतीत फोड करून द्यावी आणि अंतिम प्रतीत जोडाक्षरे अखंड ठेवावीत.

मात्रा, वेलांटी आणि उकार हे व्यंजनापासून कधीही वेगळे होता कामा नयेत. तसे झाले की संगणक त्या सुट्या चिन्हाशेजारी टिंबांचे एक छोटे वर्तुळ काढतो. छापलेल्या कागदावर असे वर्तुळ दिसले तर तेथे फोड चुकली आहे किंवा चिन्हांचा क्रम उलटा पडला आहे, असे खुशाल समजावे.

प्रश्न : माझ्या संगणकावर नीट दिसणारी मराठी अक्षरे आमच्या क्वायरमधील दुसऱ्या सदस्याच्या संगणकावर वेगळ्या वळणाची दिसतात, आणि जुन्या भजनांच्या फायलींतून चिकटवलेले शब्द तर निरर्थक रोमन अक्षरांत बदलतात. दोन्हींचे कारण एकच आहे काय?
— मडगाव

उत्तर : दोन्हींची कारणे वेगळी आहेत. जुन्या फायली युनिकोड ही सर्व लिपींसाठीची प्रमाणित पद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असणार. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत, म्हणजे संगणकाच्या लेखी तो मजकूर मुळात मराठी नव्हताच. तो विशिष्ट फॉन्ट काढून घेतला की खाली लपलेली रोमन अक्षरे उघडी पडतात. फॉन्ट बदलून हा दोष जात नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि मूळ प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा, कारण रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा चुकण्याचा संभव सर्वाधिक असतो. गीत लहान असेल तर ते नव्याने टंकणेच सोपे पडते.

अक्षरांचे वळण बदलण्याचे कारण असे की म्यूझस्कोरने मजकुरासाठी ठरवलेल्या एडविन या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. प्रोग्राम मग त्या संगणकावर जो देवनागरी फॉन्ट सापडेल तो वापरतो, आणि तो प्रत्येक संगणकावर निराळा असू शकतो. अक्षरांची रुंदी बदलली की स्वरांमधील अंतर बदलते, अंतर बदलले की ओळ दुसरीकडे तुटते, आणि मग एका प्रतीत चौथ्या ओळीवर असलेला बार (दोन उभ्या रेघांमधला तालाचा खंड) दुसऱ्या प्रतीत पाचव्या ओळीवर सापडतो. तालमीत याचा फार त्रास होतो. म्हणून नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्त यांसारखा विनामूल्य मिळणारा युनिकोड फॉन्ट सर्वांच्या संगणकावर बसवावा आणि फॉरमॅट या मेन्यूतील स्टाइलच्या चौकटीत गीताचे शब्द, शीर्षक, सूचना या सर्वांसाठी तोच नेमून द्यावा. एकेक शब्द निवडून त्याचा फॉन्ट बदलत बसू नये. तसे केल्यास काही शब्द हमखास मागे राहतात. नेमलेली शैली वेगळी जतन करता येते आणि पुढच्या स्वरलिपीत उघडता येते, त्यामुळे हे काम एकदाच करावे लागते. ज्यांना फक्त गायचे आहे त्यांना पीडीएफ पाठवावी. तिच्यात फॉन्ट अंतर्भूत असतो आणि ती सर्वत्र सारखी दिसते.

मडगावच्या क्वायरला रोमी (रोमन लिपीतल्या) आणि देवनागरी अशा दोन्ही ओळी एकाच स्वराखाली लागत असतील, तर दोन ओळींमधील अंतर मुद्दाम वाढवावे. रोमन अक्षरांच्या मानाने ठरलेले अंतर देवनागरीला अपुरे पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीवरील वेलांटीला किंवा अनुस्वाराला भिडतो आणि अंधुक प्रकाशात ‘कू’ आहे की ‘के’ हे कळेनासे होते.

प्रश्न : मी लिलीपॉन्ड वापरतो. ‘येथून लय हळूहळू वाढवत न्यावी’ अशी सूचना एखाद्या स्वरावर दिली की पुढच्या बारवरील सूचना तिच्याही वर फेकली जाते. शिवाय सूचना तिरक्या अक्षरांत केल्यास ती ओबडधोबड दिसते.
— पाश्चात्त्य संगीताचा विद्यार्थी, पणजी

उत्तर : लिलीपॉन्ड हा प्रोग्राम १९९६पासून विकसित होत आहे आणि उत्तम हाताने कोरलेल्या जुन्या स्वरलिपींसारखी छपाई साधणे, हा त्याचा पहिल्यापासूनचा ध्यास आहे. म्हणूनच तो गीताच्या अक्षरांसाठी स्वरांमध्ये जागा करतो, पण स्वरावर लिहिलेल्या सूचनेसाठी एरवी जागा करत नाही. सूचना कितीही लांब असली तरी स्वरांचे अंतर तो बिघडू देत नाही आणि दोन सूचना भिडू लागल्या की एक वर सरकवतो. टेक्स्टलेंग्थऑन ही आज्ञा दिली तर सूचनेच्या रुंदीएवढी जागा स्वरांमध्ये सोडली जाईल आणि आपली तक्रार दूर होईल. तरीही मी ती आज्ञा क्वचितच वापरावी असे सुचवीन, कारण स्वरांमधील अंतर पाहून वादकाला काळाचा अंदाज येतो आणि एखादाच बार मजकुरामुळे ताणला गेला की तो अंदाज चुकतो. सूचना मार्कअप आज्ञेत घेऊन कॉलम या आज्ञेने तिच्या दोन लहान ओळी कराव्यात, किंवा मजकूरच आखडता घ्यावा. ‘लय वाढवत’ एवढे शब्द वादकाला पुरतात.

तिरक्या अक्षरांविषयी आपली तक्रार रास्त आहे. पाश्चात्त्य छपाईत लयीचे शब्द सरळ व ठळक, भाव दर्शवणारे शब्द तिरके आणि आवाजाची पातळी सांगणारी अक्षरे एका खास वळणाची, असा संकेत रुळलेला आहे. देवनागरीला तिरक्या वळणाची परंपरा नाही. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये तसा प्रकारच नसतो, तेव्हा संगणक सरळ अक्षरे यांत्रिकपणे कलती करतो. शिरोरेषा आडवी राहते आणि तिच्याखालचे दंड मात्र झुकतात. म्हणून मराठी सूचनांमधील भेद ठळकपणा आणि आकार यांनीच दाखवावा : लयीचा शब्द ठळक, इतर सूचना साध्या आणि गीताच्या अक्षरांपेक्षा किंचित लहान. लिलीपॉन्डमध्ये फॉन्टनेम या गुणधर्माने फॉन्टचे पूर्ण नाव दिले असेल तर ठळक करण्याची वेगळी आज्ञा लागू पडत नाही; ‘बोल्ड’ हा शब्द फॉन्टच्या नावातच जोडावा लागतो. फाइल यूटीएफ-८ या पद्धतीत जतन करणे तर अनिवार्यच आहे.

इटालियन संज्ञांचे भाषांतर करावे काय, असे आपण विचारलेले नाही, पण सूचनांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. क्रेशेंडो (आवाज वाढवत), रिटार्डांडो (लय मंदावत) हे शब्द वादकांच्या अंगवळणी पडलेले आहेत आणि गोव्यात तर पिढ्यान्‌पिढ्या. ते रोमन लिपीत, तिरकेच ठेवावेत. मराठी सूचना जेथे आपल्या गायकीतील गोष्ट सांगायची आहे तेथे द्यावी : ध्रुवपद सर्वांनी उचलावे, येथून घुमट, येथे कासाळे (झांजा) थांबावे. आवाजाची पातळी दर्शवणारी अक्षरे मात्र साध्या मजकुरात टंकू नयेत. ती दिसायला सारखी होतात, पण संगणकावर वाजवून पाहताना आवाजात फरक पडत नाही, कारण प्रोग्रामच्या लेखी ती केवळ अक्षरे असतात.

प्रश्न : फिनाले हा स्वरलेखनाचा प्रोग्राम बंद झाल्यामुळे माझ्या जुन्या स्वरलिपी मी म्यूझस्कोरमध्ये आणत आहे. काही गीतांचे शब्द बरोबर येतात, काहींचे विस्कटतात. असे का?
— म्हापसा

उत्तर : फिनालेचा विकास थांबवत असल्याचे मेकम्युझिक या त्याच्या कंपनीने २६ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केले, तेव्हापासून अनेकजण हे स्थलांतर करत आहेत. दोन प्रोग्राममधील देवाणघेवाण म्युझिक एक्सएमएल या स्वरूपात होते. त्या स्वरूपात गीताचे प्रत्येक अक्षर आपल्या स्वराच्या नोंदीतच लिहिलेले असते आणि ते शब्दाचे आरंभीचे, मधले, शेवटचे की एकटे आहे, हेही सोबत नोंदलेले असते. त्यामुळे गीताच्या सोयीने घातलेले शब्द सुखरूप पोहोचतात. जे शब्द सुट्या मजकुराच्या चौकटीत होते त्यांना अशी नोंदच नाही, म्हणून तेच विस्कटतात. फोंड्याच्या शिक्षिकेला दिलेले उत्तर येथेही लागू आहे. ज्या संगणकावर फिनाले अजून चालते आहे तेथे सर्व फायली म्युझिक एक्सएमएल आणि पीडीएफ अशा दोन्ही स्वरूपांत आताच काढून ठेवाव्यात. पीडीएफ पुढे पडताळणीसाठी उपयोगी पडेल.

प्रश्न : स्टाफखाली सारेगमही छापायचे आहे, म्हणजे भजनी मंडळींना वाचता येईल. कोमल, तीव्र, मंद्र आणि तार यांच्या खुणा कशा टंकाव्यात?
— डिचोली

उत्तर : आपला विचार मला मनापासून आवडला. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वरावर टिंब असते. पहिल्या दोन खुणांसाठी युनिकोडच्या देवनागरी संचातच सोय आहे, कारण वैदिक पाठासाठी लागणारी स्वरचिन्हे त्यात आहेत. अनुदात्ताची आडवी रेघ लावून ‘रे॒’, ‘ग॒’, ‘नि॒’ लिहिता येतात आणि अक्षरावरची उभी रेघ लावून ‘म॑’ लिहिता येतो. ही चिन्हे अक्षर पूर्ण झाल्यानंतर, म्हणजे मात्रेच्याही नंतर, टंकावीत. मंद्रासाठी नुक्ता (अक्षराखालचे टिंब) चालतो, पण त्याचा क्रम उलटा आहे : आधी व्यंजन, मग नुक्ता आणि शेवटी मात्रा. ‘ऩि’ लिहिताना नुक्ता शेवटी टंकला तर तो जागेवर न बसण्याचा संभव असतो. तार स्वरासाठी अनुस्वाराचे टिंब वापरून ‘सां’, ‘रें’ लिहिण्याची रीत छापील पुस्तकांत आहेच. निवडलेल्या फॉन्टमध्ये या खुणा स्पष्ट उमटतात की नाही, हे मोठे काम हाती घेण्यापूर्वी एक ओळ छापून पाहावे.

सारेगम ही ओळ गीताच्याच सोयीने, परंतु शब्दांच्या खालची स्वतंत्र ओळ म्हणून घालावी. लिलीपॉन्डमध्ये एक खबरदारी घ्यावी लागते. एका अक्षरावर अनेक स्वर बांधलेले असतील तर तो प्रोग्राम मधल्या स्वरांना अक्षर देत नाही. शब्दांसाठी ते योग्यच आहे, पण सारेगममध्ये प्रत्येक स्वराला नाव हवे. त्या ओळीपुरता इग्नोअरमेलिस्माटा हा गुणधर्म चालू करावा. घुमट आणि शामेळ या तालवाद्यांचे बोलही याच रीतीने एकरेषीय स्टाफखाली घालता येतात.

याशिवाय पहिल्या ओळीच्या वर सर्वांसाठीची सूचना म्हणून षड्ज कोणता ते अवश्य लिहावे. स्टाफवरील स्वर ठरलेल्या पट्टीचे असतात आणि सारेगम षड्जावर अवलंबून असते. ‘सा = काळी एक’ असे लिहिले की पेटीवाल्याला कळते आणि त्यापुढे ‘सी शार्प’ लिहिले की व्हायोलिनवाल्यालाही.

प्रश्न : आरतीची कडवी सहा आहेत. सर्व स्वरांखाली घातल्यास गर्दी होते.
— पेडणे

उत्तर : दोन, फार तर तीन कडवी स्वरांखाली ठेवावीत. उरलेली स्वरलिपी संपल्यावर मजकुराच्या चौकटीत, फोड न करता, सलग पद्याप्रमाणे छापावीत. येथे चौकट वापरणे योग्य आहे, कारण ते शब्द कोणत्याही एका स्वराचे नाहीत. लिलीपॉन्डमध्ये हेच काम स्वरलिपीच्या बाहेर लिहिलेल्या मार्कअपने होते आणि दोन कडवी शेजारी शेजारीही ठेवता येतात. मात्र एखाद्या कडव्यात अक्षरे कमीअधिक असून चाल थोडी वळवावी लागत असेल, तर ते कडवे स्वरांखालीच घ्यावे आणि सरळ जाणारे एखादे खाली पाठवावे.